गैरहजर साक्षीदाराचा जबाब वाचून दाखवला, तर खटला न्याय्य उरतो का? (युरोपीय मानवी हक्क करार, अनुच्छेद ६(३)(ड): विरुद्ध साक्षीदारांना प्रश्न विचारण्याचा आरोपीचा हक्क)

मूटवाला

मूटची (विद्यार्थ्यांच्या सराव-खटल्याची) समस्या आहे. देश काल्पनिक, पण युरोपीय मानवी हक्क कराराचा सदस्य. वस्तुस्थिती थोडक्यात:

रात्री दोघे एका फ्लॅटमध्ये घुसले आणि चाकूच्या धाकाने रोकड व फोन घेऊन गेले. आत एकटी भाडेकरू होती, परदेशी नागरिक. तिने पोलिसांना जबाब दिला आणि आठवड्याने तपास न्यायाधीशांसमोर पुन्हा दिला. तोवर आरोपीचं नाव निष्पन्न झालं होतं, पण त्याला या सुनावणीची खबर दिली नाही. वकीलही नेमलेला नव्हता. ‘आरोपीसमोर ती मोकळेपणाने बोलणार नाही’ एवढीच नोंद आहे. पुढच्या आठवड्यात ती मायदेशी गेली. खटल्यात तिला दोन समन्स गेली. दोन्हींवर तिने डॉक्टरचा दाखला पाठवला: मानसिक धक्का बसलाय, येऊ शकत नाही. व्हिडीओ लिंकची विनंती त्या देशाच्या कोर्टाकडे गेली, उत्तर आलं नाही. नऊ आठवडे थांबून इकडच्या कोर्टाने जबाब वाचून दाखवायला परवानगी दिली.

बाकीचा पुरावा: घटनेनंतर लगेच तिने फोनवर ज्या मैत्रिणीला सांगितलं ती मैत्रीण, आरोपीचा मोबाइल त्या भागातल्या टॉवरवर होता ही नोंद, आणि सहा महिन्यांपूर्वीच्या तशाच गुन्ह्यातला फिर्यादी, जो कोर्टात आला आणि ज्याचा उलटतपास झाला. शिक्षा सात वर्षे.

मी अर्जदाराच्या, म्हणजे आरोपीच्या बाजूने आहे. प्रश्न तीन:
१. लुका विरुद्ध इटली (२००१) मधला ‘एकमेव किंवा निर्णायक’ नियम अल-ख्वाजा निकालाने मोडीत निघाला असं सगळे म्हणतात. मग तो मांडण्यात अर्थ आहे का?
२. गैरहजेरीला सबळ कारण नव्हतं एवढं सिद्ध केलं की भागतं का?
३. मेमोरियलमध्ये (लेखी युक्तिवादात) जोर कुठे द्यावा?

---

तिसरी पायरी

‘मोडीत निघाला’ हे अर्धंच खरं आहे. आधी क्रम बघा, म्हणजे कोर्टाने (स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने) नेमकं काय सोडलं ते कळेल.

उंटरपेर्टिंगर विरुद्ध ऑस्ट्रिया (१९८६) मध्ये बायको आणि सावत्र मुलीने साक्ष द्यायला नकार दिला. तो त्यांचा कायदेशीर हक्कच होता. पोलिसांसमोरचे त्यांचे जबाब वाचले गेले आणि शिक्षा मुख्यतः त्यावर झाली. हक्कभंग. कोस्तोव्स्की (१९८९) आणि दोर्सन (१९९६) हे नेदरलँड्सविरुद्धचे निकाल निनावी साक्षीदारांबद्दल आहेत. लुकामध्ये सहआरोपीने तपासात नाव घेतलं आणि खटल्यात गप्प राहण्याचा हक्क वापरला. तिथे नियम पक्का झाला: ज्याला आरोपी कधीच प्रश्न विचारू शकला नाही अशा माणसाच्या जबाबावर शिक्षा एकमेव किंवा निर्णायकपणे टेकली असेल, तर हक्कभंग. जाता जाता त्याच निकालातून एक गोष्ट टिपून ठेवा. अनुच्छेद ६ मध्ये ‘साक्षीदार’ या शब्दाचा अर्थ कोर्ट स्वतः ठरवतं. देशी कायद्यात त्याला सहआरोपी म्हणा, फिर्यादी म्हणा, माहिती देणारा म्हणा, त्याचा जबाब आरोपीविरुद्ध वापरला की तो साक्षीदार.

मग अल-ख्वाजा आणि ताहेरी विरुद्ध युनायटेड किंगडम. चेंबरने (स्ट्रासबर्गच्या छोट्या खंडपीठाने) जानेवारी २००९ मध्ये दोन्ही अर्जांत हक्कभंग ठरवला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युनायटेड किंगडमच्या सुप्रीम कोर्टाने हॉर्नकॅसल प्रकरणात स्ट्रासबर्गला सरळ सांगितलं की हा नियम आमच्या पद्धतीला बसत नाही आणि आम्ही तो पाळणार नाही. १५ डिसेंबर २०११ ला ग्रँड चेंबरने (स्ट्रासबर्गच्याच मोठ्या खंडपीठाने) मधली वाट काढली. नियम ठेवला, पण त्याची आपोआप नापास करणारी धार काढून घेतली. जबाब निर्णायक असला तरी बचावाची अडचण भरून काढणारे पुरेसे उपाय असतील तर खटला न्याय्य राहू शकतो.

एकाच निकालातली दोन प्रकरणं शेजारी ठेवा. अल-ख्वाजा डॉक्टर होता, दोन रुग्ण महिलांच्या विनयभंगाचा आरोप. त्यातली एक खटल्याआधी वारली आणि तिचा जबाब वाचला गेला. पण तिने लगेच ज्यांना सांगितलं ते दोन स्नेही कोर्टात आले, आणि दुसऱ्या फिर्यादीने स्वतः येऊन जवळजवळ तशीच हकीकत सांगितली. हक्कभंग नाही. ताहेरीमध्ये भोसकताना पाहणारा साक्षीदार एकच. तो भीतीमुळे आला नाही, जबाब वाचला गेला, आणि त्याला छेद देता येईल असं दुसरं कुणी नव्हतं. न्यायाधीशाने ज्युरीला सावध केलं होतं, तरी तेवढं पुरलं नाही. हक्कभंग, आणि तोही एकमताने.

तुमच्या समस्येचं मूळ मात्र शाचाश्विली विरुद्ध जर्मनी आहे, १५ डिसेंबर २०१५, म्हणजे बरोबर चार वर्षांनी त्याच तारखेला. परिच्छेद १०७ मध्ये तीन पायऱ्या आहेत: गैरहजेरीला सबळ कारण होतं का, जबाब शिक्षेचा एकमेव किंवा निर्णायक आधार होता का, आणि बचावाची अडचण भरून काढणारे उपाय पुरेसे होते का. आता तुमचा दुसरा प्रश्न. सबळ कारण नसणं हे एकटं हक्कभंग ठरवायला पुरत नाही, हे तिथे स्पष्ट सांगितलंय. ते तराजूतलं जड वजन आहे, तराजू नव्हे. परिच्छेद ११६ तर अर्जदाराच्या फार कामाचा आहे: जबाब निर्णायक आहे की नाही हे धूसर असलं, पण त्याला मोठं वजन होतं आणि त्याने बचावाला अडचण झाली असेल, तरीही तिसरी पायरी तपासायचीच. म्हणजे सरकारने ‘तो निर्णायक नव्हता हो’ म्हटल्याने त्यांची सुटका होत नाही.

म्हणून लुका मांडा, पण दुसऱ्या पायरीचा भाग म्हणून. ‘लुकानुसार इथेच हक्कभंग सिद्ध होतो’ असं वाक्य लिहिलंत तर पहिल्याच प्रश्नात बेंच तुम्हाला पकडेल.

---

कागद बोलतो

एकूण कसोटीवर वरचं उत्तर पुरेसं आहे. पहिल्या पायरीकडे सहसा कुणी नीट बघत नाही, म्हणून तेवढ्यावरच लिहितो.

साक्षीदार देशाबाहेर आहे एवढ्याने सबळ कारण होत नाही. कोर्टाने तिला आणण्यासाठी जे जे वाजवी करता येईल ते केलं का, हा प्रश्न असतो, आणि तो कागदावरून सुटतो. साक्षीदार सापडत नसेल तर पाहायच्या गोष्टी: शेवटच्या ज्ञात पत्त्यावर कोण गेलं, कोणत्या तारखेला, काय आढळलं, नातेवाईक, मालक, घरमालक यांच्याकडे विचारणा झाली का, रहिवासी नोंदणी किंवा सीमेवरची नोंद पाहिली का, दुसऱ्या देशाच्या पोलिसांकडे चौकशी पाठवली का. पत्ता माहीत असेल तर पुढची यादी: परस्पर कायदेशीर सहाय्याची विनंती, तिकडच्या कोर्टासमोर साक्ष, व्हिडीओ लिंक, आणि यातलं एक फसलं तर दुसरं केलं का.

नेहमी बिघडतं ते इथेच. अहवालात एक ओळ असते, ‘साक्षीदार मिळून आला नाही’. कुणी शोधला, कुठे, किती वेळा, काही नाही. बचावपक्षाने ही ओळ खटल्याच्या वेळीच पकडली नाही तर नंतर स्ट्रासबर्गला ‘पुरेसे प्रयत्न झाले नाहीत’ म्हणायला आधार उरत नाही, कारण तुमच्या बाजूने त्यावर एक प्रश्नही विचारल्याची नोंद नसते.

आता तुमची समस्या आणि खरं शाचाश्विली यातला फरक. गंमत इथे आहे, आणि समस्या लिहिणाऱ्याने तो मुद्दाम ठेवलाय. त्या खटल्यात ग्यॉटिंगेनच्या कोर्टाने साक्षीदार महिलांचे वैद्यकीय दाखले डोळे मिटून घेतले नाहीत. ते अपुरे ठरवून लाटव्हियाकडे सहाय्य मागितलं आणि व्हिडीओ लिंकची तारीखही ठरली. ती लाटव्हियाच्या कोर्टाने नव्या दाखल्यांच्या आधारे रद्द केली. तरी जर्मन कोर्टाने त्यावर हरकत कळवून दुसरे मार्ग सुचवले. म्हणून ग्रँड चेंबरने पहिली पायरी जर्मनीच्या बाजूने दिली. तुमच्याकडे विनंती पाठवली आणि ती पडून राहिली. स्मरणपत्र नाही, पर्यायी तारीख नाही, दाखल्यांची छाननी नाही. नऊ आठवडे हा काळ लहान की मोठा यावर भांडू नका. त्या नऊ आठवड्यांत किती पत्रं गेली ते विचारा. एकच.

दाखल्यांबद्दल आणखी थोडं. दाखल्यात काय लिहिलंय ते वाचा: ‘प्रवास शक्य नाही’, ‘कोर्टात येणं शक्य नाही’, ‘घटनेबद्दल बोलणंच शक्य नाही’ हे तीन वेगळे दाखले आहेत. पहिल्याने व्हिडीओ लिंक अडत नाही. दुसऱ्याने कदाचित पडद्याआडून किंवा वेगळ्या खोलीतून साक्ष अडत नाही. तिसऱ्यानेच खरी अडचण येते, आणि तो तज्ज्ञाने तपासून दिलेला असावा लागतो. समस्येत दाखल्याचा मजकूर दिला नसेल तर तो न दिल्याचाच मुद्दा करा.

---

जुना रोजनामा

इंग्लंडची बाजू इतक्या झटपट आटोपू नका. अर्जदाराच्या बाजूने असलात तरी बेंचवरचा एखादा न्यायाधीश ती मांडणारच.

हॉर्नकॅसलचा युक्तिवाद थोडक्यात असा. इंग्लंडमध्ये ऐकीव पुराव्याभोवती क्रिमिनल जस्टिस ॲक्ट २००३ ची तटबंदी आहे. कलम ११६ मध्ये दारं पाच: साक्षीदार मृत, शारीरिक वा मानसिक अवस्थेमुळे असमर्थ, देशाबाहेर आणि आणणं व्यवहार्य नाही, शोधूनही सापडत नाही, भीतीमुळे बोलत नाही. शेवटच्या दारासाठी कोर्टाची परवानगी लागते आणि न्यायहित पाहावं लागतं. ज्याला जबाब वाचून हवाय त्यानेच साक्षीदाराला दूर ठेवलं असेल तर दार बंद. कलम १२४ ने गैरहजर साक्षीदाराच्या विश्वासार्हतेवर हल्ला करता येतो, म्हणजे त्याची जुनी शिक्षा, आधीचे विसंगत जबाब असं सगळं आणता येतं, जणू तो कठड्यात उभा आहे. कलम १२५ ने पुरावा इतका लंगडा असेल की शिक्षा धोक्याची ठरेल, तर न्यायाधीशाला खटला ज्युरीकडे जाण्याआधी थांबवावा लागतो. एवढं असताना वर आणखी एक आपोआप चालणारा नियम कशाला, हा त्यांचा प्रश्न. आणि व्यवहारातली अडचणही खरी आहे: ज्युरी कारणं देत नाही. मग कुठला पुरावा ‘निर्णायक’ ठरला हे आधी कसं ठरवायचं? खटल्याच्या सुरुवातीला न्यायाधीशाला ते कळत नाही, आणि शेवटी सांगायला कुणी नसतं.

२०१२ च्या रियाट निकालात अपील कोर्टाने यातून सहा प्रश्नांची साखळी बनवली: कायद्याचं कुठलं दार लागू आहे, जबाब पारखायला मदत करणारं काय आहे, त्या दारासोबत न्यायहिताची वेगळी कसोटी आहे का, दार नसेल तर न्यायहिताच्या सर्वसाधारण तरतुदीतून आत घ्यावा का, ग्राह्य दिसला तरी वगळावा का, आणि आत घेतल्यावर खटला कलम १२५ खाली थांबवावा का. स्ट्रासबर्गच्या तीन पायऱ्यांपेक्षा मला ही साखळी कामाला सोपी वाटते, कारण ती खटला चालू असताना वापरायची आहे. स्ट्रासबर्गची कसोटी सगळं संपल्यावर मागे वळून पाहणाऱ्याची आहे.

शाचाश्विलीचा निकाल ९ विरुद्ध ८ असा आहे, हेही विसरू नका. इतक्या काठावरच्या निकालावर सगळी इमारत उभी करणं धोक्याचं.

---

तिसरी पायरी

काठावरचा निकाल हा मुद्दा मान्य, पण मतभेद कसोटी लागू करण्यावर जास्त होता. भरपाईचे उपाय पुरेसे होते की नाही यावर बेंच फुटला. तीन पायऱ्या त्यानंतरही टिकून आहेत. मुर्तझालियेवा विरुद्ध रशिया (ग्रँड चेंबर, २०१८) मध्ये बचावाच्या साक्षीदारांसाठी तशीच त्रिसूत्री बनवली गेली. बचावाचा साक्षीदार आणि सरकारी साक्षीदार यांच्या कसोट्या मात्र वेगळ्या आहेत. त्यांची भेसळ हा मेमोरियलमधला सगळ्यात सामान्य दोष.

आता मूटवाले, तुमचा तिसरा प्रश्न. जोर तपास न्यायाधीशांसमोरच्या त्या सुनावणीवर द्या. शाचाश्विलीमध्ये खटल्याच्या कोर्टाने बरीच काळजी घेतली होती: मैत्रिणीची साक्ष, शेजारणीची साक्ष, सहआरोपीच्या गाडीतल्या जीपीएस यंत्राच्या नोंदी, फोनवरचं बोलणं, आणि कासेल शहरातल्या आधीच्या तशाच गुन्ह्यातले बळी. निकालपत्रात जबाब सावधपणे तोलल्याचंही दिसतं. तरी जर्मनी हरली ती एका गोष्टीवर. त्या महिला लवकरच मायदेशी जाणार हे अधिकाऱ्यांना दिसत होतं. त्या खटल्याला येणार नाहीत ही जोखीम डोळ्यासमोर होती. जर्मन प्रक्रिया संहितेत तपासाच्या टप्प्यावर आरोपीसाठी वकील नेमण्याची सोय होती, आरोपीला बाहेर ठेवून वकिलाला प्रश्न विचारू देता आले असते. ती सोय वापरली नाही.

तुमच्या वस्तुस्थितीत हे जसंच्या तसं आहे. ‘आरोपीसमोर ती बोलणार नाही’ या नोंदीला उत्तर सोपं आहे: ठीक, आरोपीला ठेवा बाहेर. वकिलाला का?

भरपाईच्या उपायांची यादी परिच्छेद १२५ ते १३१ मध्ये आहे. समस्येला लावून बघा. जबाबाचं ध्वनिचित्रमुद्रण कोर्टात दाखवलं का? समस्येत उल्लेख नाही, म्हणजे फक्त कागद वाचला. हाव-भाव, अडखळणं, किती वेळ घेतला, काही दिसलं नाही. बचावाला लेखी प्रश्न पाठवू दिले का? नाही. कोर्टाने जबाब सावधपणे तोलल्याची कारणं दिली का? निकालपत्राचा उतारा समस्येत असेल तर शब्द न् शब्द वाचा. ‘जबाब विश्वासार्ह वाटतो’ आणि ‘साक्षीदार तपासता आली नाही हे ध्यानात ठेवून, या या कारणांनी विश्वासार्ह वाटतो’ यात फरक आहे.

पुष्टी देणारा पुरावाही कातरून बघा. मैत्रीण घटना सांगू शकत नाही, फक्त तिला काय सांगितलं गेलं ते सांगू शकते. तोंड तेच, कान दुसरा. तिची किंमत आहे, कारण लगेच सांगितलेलं होतं, पण ती स्वतंत्र साक्षीदार नव्हे. टॉवरची नोंद ‘त्या भागात’ होता एवढंच सांगते, फ्लॅटमध्ये होता असं नाही. दुसऱ्या गुन्ह्याचा फिर्यादी सगळ्यात धोकादायक, कारण अल-ख्वाजात साम्यानेच तोल सावरला. तिथे दोन हकीकतींत साम्य ठळक होतं आणि संगनमताची शक्यता नव्हती. तुमच्या दोन गुन्ह्यांत चाकूचा धाक आणि रोकड याखेरीज काय समान आहे? तेवढं तर निम्म्या दरोड्यांत असतं.

---

मूटवाला

खूप मदत झाली. तीन उपप्रश्न.

एक, समस्येत एक ओळ आहे जी मी वर दिली नव्हती: ‘जबाब वाचताना बचाव वकिलाने विशेष हरकत घेतली नाही.’ याने हक्क सोडला असं होतं का?
दोन, हरकत घेताना या साक्षीदाराची गरज का आहे हे बचावाने सांगायला हवं होतं असं सरकार म्हणेल. बरोबर?
तीन, आपल्याकडच्या साक्ष कायद्याचा किंवा अमेरिकेच्या क्रॉफर्डचा दाखला द्यावा का?

---

कागद बोलतो

ती ओळ आधी द्यायला हवी होती, सगळ्यात विषारी तीच आहे.

हक्क सोडता येतो, पण ते निःसंदिग्ध असायला हवं आणि सोडणाऱ्याला परिणाम कळलेले असावेत. पुढची वाट वस्तुस्थितीवर. मुर्तझालियेवामध्ये एका पोलीस साक्षीदाराचा जबाब वाचायला बचावाने विरोध केला नाही आणि तो बोलवाच असा आग्रहही धरला नाही. कोर्टाने ते हक्क सोडणं धरलं. म्हणून ‘विशेष हरकत नाही’ या शब्दांवर काम करा. ‘विशेष’ म्हणजे काय? आधी कधी मागणी झाली होती का? समन्सवर समन्स निघालं, व्हिडीओ लिंकची विनंती गेली, हे कोणाच्या अर्जावरून? बचावाच्या अर्जावरून असेल तर एकदा मागितलेला हक्क नंतरच्या मौनाने सुटला असं म्हणणं सरकारला जड जाईल. वाचायला परवानगी कोर्टाने आधीच दिल्यावर त्या क्षणी पुन्हा हरकत घेण्यात फलित काय होतं, हाही युक्तिवाद आहे, पण तो दुय्यम ठेवा.

दुसऱ्याचं उत्तर: नाही, सरकारी साक्षीदारासाठी नाही. केस्किन विरुद्ध नेदरलँड्स, १९ जानेवारी २०२१. डच कोर्टं बचावाकडून कारण मागायची: हा साक्षीदार तपासून तुम्हाला काय साधायचंय? स्ट्रासबर्गने म्हटलं, ज्याच्या जबाबावर सरकार टेकतंय त्याला प्रश्न विचारण्यात आरोपीचं हित आहे हे गृहीतच धरायचं. कारण सांगायचं ओझं बचावाच्या साक्षीदाराच्या मागणीवर असतं: मागणी पुरेशी सकारण आणि आरोपाशी संबंधित आहे का, कोर्टाने तिचा विचार करून कारणं दिली का, आणि नकाराने एकूण खटला बिघडला का. ती मुर्तझालियेवाची त्रिसूत्री. पुन्हा तीच भेसळ, बघा.

आणखी एक कोपरा, समस्येत नाही पण बेंच विचारेल. साक्षीदार कोर्टात प्रत्यक्ष आला, पण कुठल्याच प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, तर? विडगेन विरुद्ध नेदरलँड्स (२०१२) मध्ये असंच झालं, सहआरोपी आला आणि मौनाच्या हक्कामागे बसला. हजेरी लागली म्हणून उलटतपास झाला असं होत नाही. हक्कभंग ठरला.

---

अनुच्छेद

तिसऱ्या उपप्रश्नावर. दाखला द्या, पण वेगळेपण दाखवण्यासाठी. आधार म्हणून नको.

अमेरिकेचा क्रॉफर्ड विरुद्ध वॉशिंग्टन (२००४) हा ग्राह्यतेचा नियम आहे. साक्ष म्हणावी असा जबाब, उदाहरणार्थ पोलीस चौकशीतला, आत घ्यायचा तर दोन अटी: साक्षीदार अनुपलब्ध, आणि आरोपीला पूर्वी उलटतपासाची संधी मिळालेली. त्या आधी १९८० च्या रॉबर्ट्स निकालाने ‘विश्वासार्हतेच्या खुणा’ पुरेशा धरल्या होत्या. क्रॉफर्डने ते पुसलं. अपवाद म्हणजे आरोपीने साक्षीदाराला गप्प केलं असेल तर हक्क गमावतो, पण जाइल्स विरुद्ध कॅलिफोर्निया (२००८) नुसार साक्ष रोखण्याचा हेतूच असायला हवा. स्ट्रासबर्ग ग्राह्यतेत शिरत नाही. पुरावा आत घ्यायचा की नाही हा देशी कायद्याचा प्रश्न, आम्ही एकूण खटला न्याय्य होता का ते बघतो, ही त्यांची भूमिका. क्रॉफर्डचं तर्कशास्त्र जसंच्या तसं नेलंत तर हॉर्नकॅसलवाला न्यायाधीश म्हणेल, तुम्ही चुकीच्या इमारतीत आलात.

आपल्याकडे रचना क्रॉफर्डच्या जवळ जाते. जुन्या साक्ष कायद्याचं कलम ३३, आता भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ चं कलम २७: साक्षीदार वारला, सापडत नाही, असमर्थ झाला, विरुद्ध पक्षाने दूर ठेवला, किंवा त्याला आणायला अवाजवी वेळ वा खर्च लागेल, तर आधीच्या न्यायिक कार्यवाहीतली त्याची साक्ष वापरता येते, पण विरुद्ध पक्षाला उलटतपासाचा हक्क आणि संधी मिळालेली असली तरच. पोलिसांसमोरचा जबाब सरकार पक्षाला असा वाचताच येत नाही, मृत्युपूर्व जबाबाचा अपवाद सोडून. म्हणजे तुमच्या समस्येतला पोलीस जबाब आपल्याकडे दारातच अडला असता. उलटतपासाविना नोंदलेली साक्ष नंतर वापरण्याची वाट आहे ती फरार आरोपीविरुद्ध, फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम २९९, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३३५. ती आरोपी स्वतः पळाला या पायावर उभी आहे. तुमचा आरोपी कुठे पळाला नव्हता, त्याला कुणी कळवलंच नाही. मौखिक युक्तिवादात अर्धं मिनिट, याहून जास्त नको.

---

जुना रोजनामा

समोरचा पक्ष काय करेल तेही लिहून ठेवतो. तो सेटन विरुद्ध युनायटेड किंगडम (२०१६) आणेल. तिथे साक्षीदाराला आणायचे पुरेसे प्रयत्न झाले नव्हते असं कोर्टानेच म्हटलं. तुरुंगातून केलेल्या त्याच्या फोनकॉल्सचं मुद्रण ज्युरीला ऐकवलं होतं. तरी हक्कभंग नाही, कारण बाकीचा पुरावा भक्कम होता आणि ते कॉल्स निर्णायक नव्हते. म्हणजे पहिल्या पायरीवर जिंकून दुसऱ्या-तिसऱ्यावर हरता येतं याचं हे उदाहरण. त्याला उत्तर: सेटनमधून ते कॉल्स काढून टाका, खटला उभा राहतो. तुमच्या समस्येतून भाडेकरूचा जबाब काढून टाका. उरतं काय? फोनवरचं सांगणं ऐकलेली मैत्रीण, ‘भागात’ असलेला मोबाइल, आणि दुसऱ्याच गुन्ह्याचा फिर्यादी. गुन्हा घडला हेसुद्धा त्या जबाबाशिवाय धड सांगता येत नाही. निर्णायक कशाला म्हणतात हे बेंचला समजावण्याचा सगळ्यात छोटा रस्ता तो.

भीतीचा मुद्दाही ते काढतील. समस्येत धमकीचा पुरावा नसेल तर लगेच अडवा. अल-ख्वाजात दोन प्रकारची भीती वेगळी केलीय. आरोपीने किंवा त्याच्या वतीने कुणी घातलेली भीती असेल तर त्याला तक्रारीची जागा नाही. सर्वसाधारण भीती असेल तर ती वस्तुनिष्ठ कारणांवर टिकते का हे कोर्टाने पुरावा घेऊन तपासायला हवं, आणि पडदा, वेगळी खोली यांसारखे उपाय पुरत नाहीत असं आधी ठरवायला हवं. ताहेरीच्या साक्षीदाराने भीतीबद्दल पडद्याआडून न्यायाधीशाला स्वतः सांगितलं होतं. तुमच्याकडे ‘मोकळेपणाने बोलणार नाही’ अशी कुणीतरी दुसऱ्याने लिहिलेली ओळ आहे.

---

मूटवाला

शेवटचं. प्रार्थनेत (अर्जाच्या शेवटच्या मागणीत) ‘शिक्षा रद्द करावी’ असं लिहू का?

---

तिसरी पायरी

नको. स्ट्रासबर्ग देशी शिक्षा रद्द करत नाही, ते देशी कोर्टांवरचं आणखी एक अपील कोर्ट नव्हे. अनुच्छेद ६(१) व ६(३)(ड) एकत्र वाचून हक्कभंग जाहीर करावा, अनुच्छेद ४१ खाली वाजवी भरपाई आणि खर्च द्यावा, एवढं मागा. हक्कभंग ठरला तर अर्जदाराने मागणी केल्यास खटला पुन्हा उघडणं किंवा फेरसुनावणी हा तत्त्वतः योग्य उपाय, असं कोर्ट अनेकदा म्हणतं. तशी नोंद करावी अशी विनंती जोडा.

आणि दाखल करण्याची तारीख तपासा. अंतिम देशी निकालापासूनची मुदत १ फेब्रुवारी २०२२ पासून सहा महिन्यांऐवजी चार महिने झालीय. समस्येत देशी सुप्रीम कोर्टाचा निकाल आणि अर्ज यांत पाच महिन्यांचं अंतर ठेवलं असेल तर वरचं सगळं वाचायची वेळच येणार नाही.